ऐतिहासिक चित्रपटांचं परीक्षण पहिल्यांदाच करणार असाल तर

छोट्या, स्वतंत्र चित्रपट महोत्सवांचे फोन पुण्यात बऱ्याच जणांना येतात. ‘यंदा ऐतिहासिक चित्रपटांचा वेगळा विभाग ठेवलाय, तुम्ही इतिहास शिकवता ना, मग परीक्षक म्हणून या की.’ किंवा ‘तुम्ही संकलन करता, तुम्हाला चित्रपट कळतो, या.’ प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून इथे आली, तिच्याच आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, आणि सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद जपतंय. दोन्ही जगांतली माणसं एकाच शहरात राहतात. तरी ज्युरीच्या टेबलावर एकत्र आली की चित्रपटवाला इतिहासावर बोलायला कचरतो आणि इतिहासवाला कॅमेऱ्यावर. दोघांनीही कचरू नये म्हणून हे लिहितोय. मी गेली काही वर्षं अशा विभागांचं परीक्षण करतोय, आणि सुरुवातीला केलेली एक मोठी चूक अजून मनात आहे. ती पुढे सांगतो.

हो म्हणण्याआधी

आधी विचारून घ्या, काम प्राथमिक निवडीचं आहे की अंतिम ज्युरीचं. प्राथमिक निवडीत ‘पुढे पाठवायचा की नाही’ एवढंच ठरवायचं असतं, पण चित्रपटांचा ढीग मोठा असतो. अंतिम ज्युरीत चित्रपट कमी, पण प्रत्येकावर बोलावं लागतं. दुसरा प्रश्न मिनिटांचा. समजा चौदा चित्रपट आले, सरासरी चाळीस मिनिटांचे, तर ५६० मिनिटं झाली, म्हणजे सव्वानऊ तासांहून जास्त. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त बघू नका. मग चार संध्याकाळी पहिल्या बघण्यालाच लागतील, आणि दुसऱ्यांदा बघण्याचा वेळ वेगळा. नोकरी सांभाळून हे जमणार नसेल तर नाही म्हणा. रविवारी रात्री दीडपट वेगाने पळवून दिलेले गुण हा दिग्दर्शकावर अन्याय आहे.

तिसरी गोष्ट नातेसंबंधांची. श्रेयनामावली आधी वाचून घ्या. पुण्यात कोणीतरी कोणाचा तरी विद्यार्थी निघतोच. ओळख असेल तर आयोजकांना लेखी कळवा आणि त्या चित्रपटापुरतं बाजूला व्हा. ऐतिहासिक विभागात आणखी एक नातं असतं, ते पटकन लक्षात येत नाही: चित्रपट तुमच्या घराण्यावर, तुमच्या गावच्या गढीवर, तुम्ही ज्यांचा उत्सव करता त्या व्यक्तीवर असू शकतो. तेही सांगा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पहिल्यांदा बघताना कागद लांब ठेवा

पहिलं बघणं सलग, पूर्ण पडद्यावर, चांगले इयरफोन लावून, खोलीत अंधार करून. हातात पेन नको. संपल्यावर पाच ओळी लिहा: काय लक्षात राहिलं, कुठे मन उडालं, कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर आहे. हा चित्रपट म्हणून त्याचा हिशेब. इतिहासाचा हिशेब दुसऱ्यांदा बघताना मांडायचा, आणि मग मात्र थांबवत, मागे-पुढे करत बघायचं.

हा क्रम मी पाळला नव्हता. १८९७ च्या प्लेगवरचा एक लघुपट होता. पेठेतल्या वाड्यात एक सासूबाई सुनेला चहा करायला सांगतात, असा प्रसंग. मी लगेच कागदावर लिहिलं, ‘त्या काळी चहा कुठला?’ आणि पुढचा चित्रपट त्याच नजरेने बघितला. दोन गुण कापले. चित्रपट तेवढ्यानेच मागे पडला. महिन्याभराने दुसरंच काहीतरी वाचताना पंचहौद मिशनचं प्रकरण समोर आलं. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या त्या मिशनमध्ये टिळक, रानडे अशा मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, आणि त्यावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. म्हणजे प्लेगच्या सात वर्षं आधी या शहरात चहावरून एवढं रण पेटलं होतं, आणि मी विचारत होतो की चहा कुठला. लघुपट करणाऱ्या मुलीने तो प्रसंग बहुधा हे माहीत असूनच लिहिला होता. सासूबाई चहा मागतात यातच त्या घराची ओळख होती. मी ती वाचली नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही विसंगतीपुढे लगेच फुली मारत नाही. तीन रकाने आखतो.

अज्ञान, नाइलाज, निवड

पडद्यावर काहीही खटकलं की ते या तिन्हींपैकी कशात बसतं ते ठरवायचं. दिग्दर्शकाला माहीतच नव्हतं का? माहीत होतं पण पैसे, जागा, परवानगी यांपुढे इलाज नव्हता का? की त्याने समजून-उमजून तसं केलं? तिन्हींना एकच गुण देता येत नाहीत.

मेणवलीचं उदाहरण घ्या. वाईजवळचा नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यापुढचा घाट चित्रीकरणासाठी फार वापरला जातो. तो पेशवाईच्या उत्तरार्धातला. शिवकाळावर चित्रपट करणारा तिथे गेला तर वास्तू शंभर वर्षांनी नवी असते. याला मी नाइलाज म्हणतो आणि गुण कापत नाही, कारण शिवकाळातलं रहातं घर आज कुठे मिळणार आहे? आपल्या लाल महालाचीही आजची इमारत नव्यानेच बांधलेली आहे. पण त्याच मेणवलीच्या घाटावरची मोठी घंटा फ्रेममध्ये ठळक दिसत असेल, तर मी थांबतो. ती पोर्तुगीज घंटा वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर इकडे आली. कॅमेरा चार हात सरकवला असता तर ती टळली असती. वाडा बदलता येत नाही, चौकट बदलता येते. नाइलाज आणि अज्ञान यांतला फरक बहुतेक वेळा इतकाच असतो.

झाडांकडे बघायची सवय लावून घ्या, कारण तिथे कोणी फारसं बघत नाही. मावळे दबा धरून बसलेत आणि मागे गुलमोहर पेटलाय. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आला. टेकडीवरची घाणेरी तशीच परदेशी, निलगिरीही तशीच. सिंहगडाच्या वाटेवर एप्रिल-मेमध्ये चित्रीकरण केलं तर हे सगळं चौकटीत येणारच. चांगला छायाचित्रणकार ते खालच्या कोनातून, आकाशावर घेऊन किंवा रात्र निवडून टाळतो.

ताटाकडेही बघा. पेशवाईतल्या उपासाला साबुदाण्याची खिचडी दाखवली असेल तर जरा विचार करा: आजचा साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, हे सगळं मूळ अमेरिकेकडचं. यातलं काय कधी आपल्या स्वयंपाकघरात रुळलं हे एकेकटं तपासावं लागतं. मिरची पोर्तुगीजांबरोबर लवकर आली, बटाट्याला बराच वेळ लागला. तपासल्याशिवाय गुण कापू नका. माझा चहा आठवा.

कपड्यांत मी दोनच गोष्टी बघतो. कापडाला नायलॉनची चकाकी आहे का, आणि नऊवारी नेसलेली आहे की शिवलेली. शिवलेल्या नऊवारीत बाईचं बसणं-उठणंच बदलतं. नटी जात्यावर बसते तेव्हा ते लगेच कळतं. बाकी दागिन्यांचा तपशील जाणकाराला विचारा.

एका पत्राचा क्लोजअप

स्वतंत्र ऐतिहासिक चित्रपटात सैन्य दाखवता येत नाही, म्हणून पत्रं फार येतात. पत्र म्हणजे दिग्दर्शकाची परीक्षाच. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. त्याभोवतीची ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका आपल्याकडे वाक्प्रचार होऊन बसली आहे. तिच्यावरचे लघुपट दर दोन-तीन वर्षांनी येतातच, आणि प्रत्येकात त्या चिठ्ठीचा क्लोजअप असतो: ‘धरावे’चं ‘मारावे’.

मी ती चिठ्ठी तीन प्रकारे पाहिली आहे. एकात चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला कागद, त्यावर संगणकाच्या फाँटमध्ये छापलेली देवनागरी, शब्दांत नीट अंतर, ओळीच्या शेवटी पूर्णविराम. हे अज्ञान. असा कागद त्या काळी मोडीत लिहिला जाई. आधी आडवी रेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं तिच्यातून खाली उतरत जायची. शब्द तोडत नसत, आणि स्वल्पविराम-पूर्णविराम आपल्या लेखनात इंग्रजी अमदानीत, छापखान्याबरोबर आले. दुसऱ्या लघुपटात बोरूने काढलेली सुरेख बाळबोध, म्हणजे देवनागरी, होती, कारण प्रेक्षकाला ते एक अक्षर बदलताना दिसायला हवं होतं. ही निवड. मला ती फारशी आवडली नाही, पण तिच्यामागे विचार आहे, म्हणून गुण कापले नाहीत. तिसऱ्यात मोडी कागद होता, कोणाला वाचता येणार नाही असाच. कारकून तो समईजवळ नेऊन अडखळत वाचतो, एका जागी थांबतो, परत मागे जातो. आपण कागदाकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघतो. त्याच्या थांबण्यातून कळतं की तिथे काहीतरी गडबड आहे. खर्च तिन्हींचा सारखाच असेल.

आणि त्याहून मोठा प्रश्न: आपण आख्यायिका सांगतोय हे चित्रपटाला माहीत आहे का? सुरुवातीची पाटी बघा. ‘सत्य घटनेवर आधारित’ लिहून पुढे बखरीतला चमत्कार जसाच्या तसा दाखवला असेल तर मी कठोर होतो. समकालीन पत्र, नंतरची बखर, पोवाडा आणि गेल्या शतकातली कादंबरी यांचं वजन सारखं नसतं. शिवाजी महाराजांवरची सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरची, चिटणिसांची त्यानंतर शंभरेक वर्षांनी आलेली. एखादा प्रसंग फक्त दुसरीकडेच सापडत असेल तर तो दाखवायला हरकत नाही. पण चित्रपटाने त्याला ‘असं सांगतात’ एवढी तरी जागा द्यावी. ती पाटीतून देता येते, निवेदनातून देता येते, एखाद्या पात्राच्या शंकेतूनही देता येते.

भाषेचंही असंच. शुद्ध, संस्कृतप्रचुर संवाद म्हणजे शिवकाळ, असा समज फार पसरलेला आहे. त्या काळची पत्रं फारसी शब्दांनी भरलेली आहेत. म्हणून तर महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. तेव्हा जड मराठीला जास्त गुण देऊ नका. आजच्या साध्या बोलीत केलेला चित्रपटही चालतो, फक्त पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत त्याच बोलीत राहिला पाहिजे.

पात्रांना इतिहास माहीत असतो का?

हा माझा सगळ्यात आवडता निकष, आणि तो कुठल्याच गुणपत्रिकेत नसतो. वाईट ऐतिहासिक चित्रपटातली माणसं अशी बोलतात, जणू त्यांचे पुतळे उभे राहणार आहेत हे त्यांना कळलेलं आहे. ‘आज आपण जे करतोय ते पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतील.’ असं कोणी शेजाऱ्याशी बोलत नाही. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, त्या दिवसावरचा एक बारा मिनिटांचा लघुपट मी पाहिला. निशाण दिसतच नाही. बुधवार पेठेतला एक वाणी दुकानाच्या फळ्या लावतो, काढतो, परत लावतो. उद्या दुकान उघडायचं की नाही, उधारी कोणाकडून वसूल करायची, नाणं कोणाचं चालणार, एवढीच त्याची चिंता. बायको आतून दोनदा जेवायला हाक मारते. त्या वाण्याला पेशवाई संपली हे माहीत नाही, आपल्याला माहीत आहे. त्या फरकातून चित्रपट उभा राहिला होता. आम्ही त्याला पहिलं दिलं.

कुठे तपासायचं

इंटरनेटवरचा पहिला निकाल म्हणजे पुरावा नाही, आणि पुण्यात बसून त्यावर थांबण्याचं कारणही नाही. वस्तू बघायच्या तर शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्यं, रोजच्या वापरातलं जे चित्रपटात हमखास चुकतं ते तिथे काचेपलीकडे आहे. एक दुपार पुरते. कागदांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि पुणे अभिलेखागार, ज्याला जुनी माणसं अजून पेशवे दफ्तर म्हणतात. तिथले मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, तुम्हाला सोडायला लागणार नाहीत, छापील साधनग्रंथांत बहुतेक उत्तरं मिळतात. मोडी वाचणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना एक तास मागा. जुनी चित्रफीत किंवा छायाचित्र कुठल्या काळचं असा प्रश्न असेल तर लॉ कॉलेज रोडवरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून.

सगळं तपासायला जाऊ नका. प्रत्येक चित्रपटातल्या दोन-तीन गोष्टी निवडा, ज्यांवर कथा टेकलेली आहे.

माहितीपट आले तर

त्यांना वेगळ्या डोळ्यांनी बघा. जुन्या फिती वापरल्या असतील तर माणसं भरभर, उड्या मारल्यासारखी चालतायत का बघा. मूकपटांच्या काळी सेकंदाला सोळा ते वीसच्या आसपास चौकटी घेत, त्या आज चोवीसने चालवल्या की माणसं विनोदी दिसतात. मृत्यूच्या, दुष्काळाच्या दृश्यांवर हे झालं तर दिग्दर्शकाने फीत नुसती डकवली आहे, बघितलेली नाही, असं मी धरतो. एका घटनेच्या फितीवर दुसऱ्या घटनेचं निवेदन हाही नेहमीचा प्रकार. आता त्यात नवी भर पडली आहे: कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली ‘जुनी’ छायाचित्रं. दाण्यादाण्यांची, कडा फाटलेली, अगदी खरी वाटणारी. वापरायला माझी ना नाही, पण पडद्यावर तसं लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसेल आणि शंका आली तर आयोजकांमार्फत दिग्दर्शकाला मूळ कुठलं ते विचारा. उत्तर आलं नाही तर मी तो चित्रपट पारितोषिकाच्या बाहेर ठेवा असं सुचवतो. उद्या हीच छायाचित्रं कोणीतरी पुरावा म्हणून वापरेल.

आठवणींवरचे माहितीपट मला फार जवळचे वाटतात. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरावर बोलणारी माणसं आता थोडीच राहिली आहेत. अशाच एका चित्रपटात शनिवार पेठेतल्या एक आजी आणि नारायण पेठेतल्या दुसऱ्या आजी पाणी कधी चढलं याच्या दोन वेगळ्या वेळा सांगतात. दिग्दर्शकाने कोणालाच खोडलं नाही. दोघींना आपापल्या जिन्याच्या त्या पायरीपाशी नेलं, जिथवर पाणी आलं होतं. दुसऱ्या आजींनी पायरीवर हात ठेवला आणि काही वेळ त्या बोलल्याच नाहीत. स्मृती चुकली का, हा प्रश्न विचारायचा असतोच. पण त्या हातालाही मी गुण दिले.

आवाज

स्वतंत्र चित्रपटात सगळ्यात आधी आवाज उघडा पडतो. वाड्याच्या चौकात शांतता हवी तिथे लांबून दुचाकीचा हॉर्न, कुकरची शिट्टी. याउलट पाच घोडे असूनही पन्नास वाटावेत असं आवाजावर जमवलेलं असेल तर तसं अभिप्रायात ठळक लिहा. कमी पैशांतलं ते खरं कसब आहे.

गुण आणि बैठक

पहिल्या चित्रपटाचे गुण पेन्सिलने लिहा. सगळे बघून झाल्यावर पहिला परत बघा, तो नेहमी अंदाजापेक्षा वर किंवा खाली सरकतो. गुणपत्रिकेत ‘ऐतिहासिक अचूकता’ असा रकाना असेल तर त्याचा अर्थ आयोजकांकडून आधीच ठरवून घ्या, नाहीतर बैठकीत अर्धा तास त्यातच जातो.

बैठकीत कोणीतरी म्हणेलच, ‘महाराजांवरचा आहे, मागे कसा ठेवायचा?’ हा दबाव खरा असतो आणि बोलणाऱ्याची भावनाही खरी असते. तिला हिणवू नका. मी एवढंच विचारतो, की नाव बदललं, गाव बदललं तर हा चित्रपट आपल्याला बांधून ठेवेल का? तसंच उलटही. एखादा चित्रपट लाडक्या माणसाची उणी बाजू दाखवतो म्हणून तो धाडसी ठरत नाही, त्यालाही आधार लागतो. ‘असं झालंच नव्हतं’ असं टेबलावर म्हणू नका. ‘मला याला आधार सापडला नाही, तुम्हाला माहीत असेल तर सांगा’ म्हणा. दोनदा असं झालंय की समोरच्याला माहीत होता. सगळ्यात तरुण परीक्षकाला आधी बोलू द्या. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीच्यांच्या माना हलतात आणि बैठक संपते.

आणि चौकटीच्या कडेला उभी असलेली माणसं मोजा. पंखा हलवणारी, पाणी आणणारी, घोड्याला खरारा करणारा. त्यांना चेहरा आहे का, एखादं वाक्य आहे का? त्यांच्याकडे बघायला पैसे लागत नाहीत.

निकालानंतर

प्रत्येक चित्रपटाला, न निवडलेल्यालाही, चार ओळी लिहून द्या. एक गोष्ट जी नेमकी जमली, मिनिट-सेकंदासकट. एक जी दुरुस्त करता येईल. चुकीला आधार देत असाल तर ग्रंथ आणि पान लिहा, ‘अभ्यास कमी पडला’ असं मोघम नको. प्लेगच्या त्या लघुपटाच्या दिग्दर्शिकेला मी आयोजकांमार्फत पत्र पाठवलं, की माझी चहावरची नोंद चुकीची होती आणि त्यामुळे तुमचे गुण कमी झाले. निकाल बदलत नाही, पण पुढच्या महोत्सवाला चित्रपट पाठवताना तिला तो प्रसंग काढावासा वाटू नये एवढंच मला हवं होतं. तिने तो ठेवला आहे.

मग लिंका पुसा, पासवर्ड लिहिलेला कागद फाडा, गुणपत्रिकेची एक प्रत आयोजकांच्या सहीने स्वतःजवळ ठेवा, आणि निकाल जाहीर होईपर्यंत घरीसुद्धा काही बोलू नका.